निकालावर मार्क देऊ नकोस

अरे,

तुझा मेल वाचला, परत एकदा वाचला, मग लिहायला बसले. दिवाळी अंकवाल्यांनी तुला 'ट्रम्प यांचं परराष्ट्र धोरण : दहापैकी किती?' असा विषय दिलाय. जून २०२५ मध्ये तू मनातल्या मनात सहा दिले होतेस. २७ ऑगस्टला अमेरिकेत आपल्या मालावरचा टॅरिफ पन्नास टक्के झाला तेव्हा त्याचे तीन झाले. मग १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी तिथल्या नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची फी एक लाख डॉलर झाली, न्यू जर्सीतल्या एडिसनहून तुझ्या दादाचा घाबरून फोन आला आणि तू शून्य लिहून टाकलंस, दुसऱ्या दिवशी कळलं की ती फी नव्या अर्जांना आहे, आधीच तिथे असलेल्यांना नाही, तर परत दोन. आणि आता मला विचारतोयस की ताई, माझं मत असं का हलतंय, मी या कामाच्या लायकीचा नाही का.

लायकीचा आहेस. ते सोड. मत हलतंय कारण तू निकाल बघून मार्क देतोयस, आणि निकाल रोज बदलतो.

माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी. ज्या दिवशी निर्णय झाला त्या दिवशी जाऊन उभा राहा. त्या दिवशी अध्यक्षाच्या टेबलावर कुठले कागद होते, कोणी काय सांगितलं होतं, दुसरे रस्ते कुठले उघडे होते, आणि हे सगळं समोर असताना त्याने काय केलं. पुढे नशिबाने काय झालं ते बाजूला ठेव. पदावर बसलेल्या अध्यक्षाला मोजायचं असेल तर दुसरं साधनच नाही, कारण परराष्ट्र धोरणाचे निकाल त्याची मुदत संपल्यावर येतात, कधीकधी तो मेल्यावर येतात. ट्रूमनचा पाठिंबा फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅलपच्या पाहणीत २२ टक्क्यांवर आला होता, आणि युद्धानंतर युरोप उभा करणारा मार्शल प्लॅन न् नाटो ही लष्करी युती दोन्ही तोवर होऊन गेलेले होते, लोकांना दिसत होतं ते कोरियातलं रेंगाळलेलं युद्ध. मग लोक म्हणतात इतिहास ठरवेल. इतिहास ठरवेल म्हणून आज गप्प बसायचं का? तिथल्या मतदाराला आज ठरवायचंय, काँग्रेसला आज पैसे मंजूर करायचेत. निकाल आज हातात नाही, पण निर्णयाचा दिवस आहे, तो कुठे जात नाही.

कार्टर घे. कार्टर म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते इराणच्या वाळवंटात जळलेलं हेलिकॉप्टर, २४ एप्रिल १९८०, तेहरानच्या दूतावासात ओलीस धरलेले अमेरिकन सोडवायची मोहीम. आठ हेलिकॉप्टर निघाली, ठरलेल्या जागी सहा पोचली, त्यातलं एक बिघडलेलं, कमीत कमी सहा लागणार होती म्हणून मोहीम तिथेच थांबवली आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. झालं, कार्टर नालायक. पण मग बघ, ते ५२ ओलीस ४४४ दिवसांनी जिवंत घरी आले, रेगनचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांत सुटले, म्हणजे निकालावर मार्क द्यायचे तर याचे पूर्ण द्यायला पाहिजेत, आणि ते तर कोणीच देत नाही. मला विचारशील तर कार्टरला धरायचं ते १९७९ च्या ऑक्टोबरवर, इराणमधून परागंदा झालेल्या शहाला उपचारासाठी न्यूयॉर्कमध्ये येऊ दिलं त्या दिवसावर. तेहरानच्या दूतावासाने धोका आधीच कळवला होता. कार्टरने स्वतःच शंका काढली होती की उद्या दूतावास ताब्यात घेतला तर काय करायचं. तरी माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर आणि बँकर रॉकफेलरसारख्यांचा दबाव होता, शहा आजारी होता, हो म्हणून टाकलं. तो दिवस कुठल्याच फोटोत नाही म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण अपयश तिथे आहे, वाळवंटात नाही.

तू लिहिलंयस की असं मोजलं तर प्रत्येक अध्यक्ष सुटेल, 'त्या वेळी त्याला काय माहीत' म्हणून. हे वाचून मी चिडले, खरं सांगते. सुटत नाही रे, उलट जास्त घट्ट अडकतो.

निक्सन बघ. आपल्याकडे १९७१ म्हटलं की अमेरिकेचं सातवं आरमार. मी तेव्हा शाळेत होते, मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, आणि त्यांची विमानवाहू नौका एंटरप्राइझ बंगालच्या उपसागराकडे निघाली ही बातमी घराघरात. तो राग आमच्या पिढीत कायमचा बसला. पण आरमार हा त्याच्यावरचा मोठा आरोप नव्हेच. मोठा आरोप एप्रिलचा आहे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कत्तल सुरू झाली, आणि ६ एप्रिलला तिथल्या अमेरिकन वकिलातीतून तिचा प्रमुख आर्चर ब्लड याची तार वॉशिंग्टनला गेली, वीस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्या असलेली, की आपलं सरकार लोकशाही चिरडली जात असताना निषेधसुद्धा करत नाहीये. कागद पोचला होता. माहीत नव्हतं म्हणायला जागा उरली नव्हती. निक्सन आणि त्याचा तेव्हाचा सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी काय केलं, तर ब्लडला ढाक्यातून हलवलं. बचाव असा करतात की चीनचं दार पाकिस्तानच्या याह्याखानमार्फत उघडत होतं, जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादहूनच गुपचूप बीजिंगला गेला. मान्य, तेही टेबलावर होतं. पण रुमानियाचा रस्तासुद्धा होता, त्यातूनही निरोप गेले-आले होते, म्हणजे याह्याखानशिवाय अडलंच असतं असं नव्हतं, आणि निषेधाचे दोन शब्द काढायला तर कुठलाच रस्ता बंद होत नव्हता. फेब्रुवारी १९७२ ला निक्सन बीजिंगला उतरला, जगाने वाहवा केली. निकालावर मोजशील तर त्याला नऊ मार्क मिळतील, आणि इकडे एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात येऊन पडले ते हिशोबातच नाहीत. निर्णयाच्या दिवसावर उभा राहिलास तर त्याला सुटता येत नाही. आता सांग, माझी पद्धत सौम्य आहे का?

एक बारकावा आहे तो सोडू नकोस. पुढे काय होणार हे त्या दिवशी शहाण्या माणसाला दिसत असेल तर ते 'पुढचं' नाही, ते टेबलावरच होतं. ब्लडला दिसलं होतं.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण तुझ्या आईने तुला त्यातला अर्धाच भाग सांगितलेला दिसतोय. १९९१ ला पेपरात माझं सदर होतं. सद्दामच्या इराकने बळकावलेल्या कुवेतसाठीचं जमिनीवरचं युद्ध शंभर तासांत थांबवून थोरला बुश बगदादला न जाता मागे फिरला तेव्हा मी लिहिलं की हाती असलेल्या कागदांवर हा निर्णय बरोबर आहे, संयुक्त राष्ट्रांचा ६७८ वा ठराव कुवेत मोकळं करण्यासाठी होता, अरब देश त्याच बोलीवर सोबत आले होते. त्यावर पत्रं आली की बाई अमेरिकेची वकील झाली. पुढच्याच लेखात मी लिहिलं की १५ फेब्रुवारीला याच बुशने इराकी जनतेला सद्दामला तुम्हीच हटवा असं जाहीर सांगितलं, आणि मार्चमध्ये शिया न् कुर्द खरंच उठले तेव्हा सद्दामची हेलिकॉप्टर त्यांना चिरडत होती आणि अमेरिकन फौज शेजारी उभी होती, हे त्याला माफ नाही. त्यावर दुसऱ्या बाजूची पत्रं आली. मला वर बोलावून सांगितलं गेलं की वाचक गोंधळतो, तुम्ही एक बाजू घ्या, बुश चांगला की वाईट. मी म्हटलं दोन दिवस वेगळे आहेत, दोन निर्णय वेगळे आहेत, एकाच माणसाला दोन्हीकडे एकच मार्क कसे देऊ? सदर बंद झालं. पुन्हा डेस्कवर, एजन्सीच्या बातम्यांचं मराठी करत बसले. पुस्तक करायचं होतं या सगळ्याचं, टिपणांच्या वह्या भरल्या होत्या, ते राहिलंच, आणि त्याची खंत आहे, का नसेल. थोडं वाकले असते तर आणखी दहा वर्षं लिहिता आलं असतं हे मला कळतं. पण वाकून लिहिलेलं माझं नसतं, एवढंही कळतं.

आणि खरी कसोटी पुढे लागली. २००३ ला धाकटा बुश बगदादला गेला, नंतर तिथे जे झालं ते तू वाचलंच असशील, तेव्हा जुने लोक फोन करून म्हणायला लागले की बाई तुम्ही बरोबर होतात, थोरल्याने शहाणपणा केला हे आता सिद्ध झालं. मी ते अभिनंदन घेतलं नाही. २००३ ने माझं काहीही सिद्ध केलेलं नाही. समजा २००३ नंतर इराक सुरळीत चालला असता, तर माझं १९९१ चं लिहिणं चूक ठरलं असतं का? नसतं. मग बिघडल्यावर बरोबर कसं ठरेल? लोकांना हे उद्धट वाटलं, तुझी आई अजून हट्टीपणा म्हणते. म्हणू दे. निकाल आपल्या बाजूचा असतानाही तो घ्यायचा नाही, हे ज्याला जमत नाही त्याने दुसऱ्याला मार्क द्यायला बसू नये.

तुझा एक प्रश्न मात्र चांगला आहे, की टेबलावरचे सगळे कागद आपल्याला दिसतात कुठे. नाही दिसत. १९६२ ला रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवली त्या प्रकरणात केनेडीने तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं होतं, आणि लोक वर्षानुवर्षं समजत होते की त्याने नुसता दम भरला न् रशिया मागे हटला. ते कळल्यावर माझं केनेडीबद्दलचं मत बदललं, चांगल्या बाजूला बदललं. याचं वावडं नाही. नवा कागद आला तर मत बदल, नवा निकाल आला म्हणून बदलू नकोस. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेव हवं तर.

अमेरिकेने काबूल सोडलं, त्याचंही तू सगळं एकत्र कालवलंयस. विमानाला लटकलेली माणसं, विमानतळावरच्या स्फोटात गेलेले १३ अमेरिकन सैनिक, म्हणून बायडन फेल. नीट बघ, तिथे दोन दिवस आहेत. एक १४ एप्रिल २०२१, बाहेर पडायची घोषणा : त्या दिवशी टेबलावर ट्रम्पच्या काळात २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात झालेला करार होता, १ मेची तारीख होती, आणि अफगाणिस्तानात राहिलेले जेमतेम अडीच हजार सैनिक. राहायचं म्हणजे तालिबानशी पुन्हा लढाई. तो निर्णय मी समजू शकते. दुसरा जुलै. त्या महिन्यात काबूलच्या दूतावासातल्या अधिकाऱ्यांनी मतभेदाचा संदेश पाठवला की हे सरकार लवकर कोसळेल, माणसं आत्ताच बाहेर काढा, आणि बायडन त्याच महिन्यात पत्रकारांना सांगत होता की तालिबान सगळा देश घेईल याची शक्यता फार कमी. ढाक्याच्या तारेची गोष्ट पन्नास वर्षांनी पुन्हा. जुलैचे मार्क वेगळे, आणि ते वाईट.

आता तुझा लेख. ट्रम्पला एकच आकडा देणार नाही असं संपादकांना आजच कळव. मग एकेक दिवस घे.

२२ जून २०२५, इराणवरचा हल्ला. त्यानंतर सगळी भांडणं फोर्दोचं अणुकेंद्र किती उद्ध्वस्त झालं यावर झाली. तू त्यात पडू नकोस. टेबलावर काय होतं ते लिही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सीचा अहवाल, की इराणकडे ६० टक्के शुद्ध केलेलं युरेनियम चारशे किलोच्या वर आहे. हा कागद गंभीर आहे, तो लपवू नकोस, तुला ट्रम्प आवडत नाही म्हणून तर अजिबात नाही. पण त्याच्याच गुप्तचर प्रमुख तुलसी गबार्ड यांनी मार्चमध्ये काँग्रेससमोर सांगितलं होतं की इराण बॉम्ब बनवत नाहीये, आणि ट्रम्पने पत्रकारांसमोर ती चूक आहे म्हणून ते उडवून लावलं. इराणशी वाटाघाटींची पुढची फेरी १५ जूनला मस्कतला ठरलेली होती, १३ तारखेला इस्रायलने हल्ला केला आणि ती बारगळली. काँग्रेसची परवानगी घेतली नाही. माझं मत विचारशील तर तो निर्णय वाईट होता, फोर्दो पूर्ण गाडलं गेलं असलं तरी वाईटच.

त्याच आठवड्यात हेगच्या परिषदेत नाटो देशांनी २०३५ पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या पाच टक्के खर्च करायचं कबूल केलं. ते त्याच्या दबावामुळे झालं, आणि युक्रेनचं युद्ध चौथ्या वर्षात असताना तो दबाव योग्य होता. हे लिहायला तुझा हात अडखळेल. लिही.

आणि टॅरिफ. इथे तू सगळ्यात जास्त घसरलायस, कारण इथे आपल्याला लागलंय. मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या हिऱ्या-दागिन्यांच्या कारागिराचं काम गेलं तर मलाही झोप लागत नाही, पण ती आपली झळ आहे, ती त्याच्या निर्णयाची परीक्षा नाही, भारतीय म्हणून रागव आणि लेखक म्हणून ६ ऑगस्टला जाऊन उभा राहा. त्या दिवशी त्याने आपल्यावर जादा टॅरिफ लावायच्या आदेशावर सही केली, आणि त्यात कारण दिलंय आपण घेतो त्या रशियन तेलाचं. मग विचार की त्या दिवशी काय माहीत होतं. चीन भारतापेक्षा जास्त रशियन तेल घेतो आणि या आदेशात त्याला दंड नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाला पिंपामागे साठ डॉलरची मर्यादा लावली ती हे तेल बाजारातून जाऊ नये, फक्त स्वस्तात विकलं जावं म्हणूनच, आणि त्यात अमेरिका पुढे होती. रशियाला धडा द्यायचा हेतू म्हणावा तर नऊ दिवसांनी पुतिनला अलास्कात बोलावलं. सांगितलेलं कारण आणि टेबलावरचे कागद जुळत नाहीत. हे एवढं नीट मांडलंस तर तुझं तीन की दोन हे कोणी विचारणार नाही, आणि उद्या टॅरिफ उतरला किंवा आणखी चढला तरी लेखातला शब्द बदलावा लागणार नाही.

आदेशाचा मूळ मजकूर व्हाइट हाउसच्या साइटवर आहे, लांब नाहीये, बातमीवरून लिहू नकोस, तोच वाच. गबार्ड यांची मार्चची साक्षही पूर्ण वाच, युरेनियमच्या वाढत्या साठ्याबद्दलही त्या बोलल्या होत्या, तो भाग सगळे गाळतात. दोन्हीचं टिपण काढून रविवारपर्यंत मला पाठव, लेख नंतर बघू. आणि दादाला फोन करून सांग की तो आधीच तिथे आहे, ती फी त्याला लागू नाही.

तुझी
ताई