'ऑटोइम्यून'ला मराठीत काय म्हणावं?

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंनी विचारलंय: सासूबाईंना आमवात निघाला. डॉक्टर हिंदीत 'स्वप्रतिरक्षित रोग' म्हणाले, रिपोर्टवर 'ऑटोइम्यून' आहे, आणि घरात सगळे 'प्रतिकारशक्ती कमी झाली' म्हणतात. बरोबर कोणतं, आणि मराठी शब्द कोणता?

ताई, आधी घरातलं वाक्य बदला. प्रतिकारशक्ती शाबूत आहे, तिचा रोख चुकलाय. जंतूंवर धावून जायचं सोडून ती सांध्यांच्या अस्तरावर धावून जातेय. 'कमी झाली' म्हटलं की च्यवनप्राशाची बाटली येते, आणि 'ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते' असं कानावर पडलं की गोळी बंद होते. रामबागेतल्या माझ्या मावशीने हेच केलं. सकाळी दहापर्यंत तिची मूठ वळत नसे, कणीक मळायला शेजारीण यायची. मेथोट्रेक्झेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीने मूठ वळायला लागली होती. 'आधीच शक्ती नाही, त्यात आणखी दाबायची कशाला' म्हणून तिने औषध परस्पर सोडलं आणि बोटं पुन्हा सुजली. (या दुखण्यात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आता मावशीच्या पाकिटावर ठळक अक्षरांत 'मंगळवार' लिहिलेलं असतं.)

आता शब्द. 'प्रतिरक्षा' आपल्या इंदुरी कानांना सवयीचा आहे, पण मराठीत 'रक्षा' म्हणजे राखही. आपल्याकडे 'प्रतिकार' रुळलाय. छापील मजकुरात 'स्वयंप्रतिकार' दिसतो, तो मला पटत नाही. स्वयंसेवक, स्वयंचलित यांतला 'स्वयं' आपणहून करणं दाखवतो. मग स्वयंप्रतिकार म्हणजे शरीराने स्वतःच्या बळावर केलेला प्रतिकार, असा भलताच चांगला अर्थ निघतो. घाव आपल्यावरच पडतोय हे 'आत्म' सांगतो: आत्मघात, आत्मपीडन. म्हणून मी 'आत्मप्रतिकार' म्हणते.

मूळ लॅटिन 'इम्युनिस' म्हणजे करातून किंवा सक्तीच्या सेवेतून सूट मिळालेला. रोगापासून सूट, हा अर्थ नंतरचा. शरीर स्वतःवर उलटणं टाळतंच, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांचं मत होतं. पुढे 1956 साली मात्र हाशिमोटोच्या थायरॉइड रोगात आपल्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) सापडली. हे का होतं, याला एकच कारण नसतं. आनुवंशिक कल असतो, त्यात कधी संसर्गाची भर पडते, आमवातात धूम्रपानाचीही. बायकांमध्ये प्रमाण जास्त. सासूबाईंच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, हे त्यांना जरूर सांगा.

त्यांच्याशी बोलताना मात्र 'आत्मप्रतिकार' नको. 'कुंपणच शेत खातंय' म्हणा, लगेच कळेल. गोळी कुंपण उपटत नाही, त्याला आवरते. आवरलेलं कुंपण थोडं सैल असतं, म्हणून ताप आला तर अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.