मराठीत सायन्स फिक्शन आणि फॅन्टसी वाचायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी पुण्यात आलात, इंग्रजीतली सायफाय आणि फॅन्टसी कॉलेजपासून वाचताय, मराठीत मात्र फास्टर फेणेच्या पुढे गाडी गेली नाही. मराठीत या प्रकारात दम असलेलं काही आहे का, आणि माझी स्वतःची आवडती पुस्तकं कोणती?

दम आहे, पण तो कथेत आहे, कादंबरीत कमी. आपल्याकडे हा प्रकार मासिकांत आणि दिवाळी अंकांत वाढला. त्यामुळे सात खंडांची जाडजूड मालिका शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. कथासंग्रह उचला.

आणखी एक सांगून ठेवतो, म्हणजे माझी निवड कळेल. लेखकानं एकच मोठी थाप मारावी आणि बाकी सगळं खरं सांगावं, हे मला आवडतं. ती थाप पचली की पुढची गल्ली, माणसं, त्यांची खोड ओळखीची हवी. अठरा ग्रह, बत्तीस जमाती आणि शेवटी शब्दसूची अशा पुस्तकांपुढे माझा उत्साह मावळतो.

म्हणून पहिलं नाव जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचं. थाप एवढीच की १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानं त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पडतात आणि आगगाडीनं मुंबईला निघतात, तर मुंबई अजून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात! वाटेत सरहद्दीवर परवाने तपासले जातात. इतिहास कुठे वळला हे शोधायला गंगाधरपंत काय करतात? ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून बसतात. हे शंभर टक्के प्राध्यापकी वागणं आहे.

पण माझा आवडता प्रसंग आझाद मैदानावरचा. तिथे एक व्याख्यान चालू असतं आणि मंचावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. गंगाधरपंतांनी आयुष्यभर सभांची अध्यक्षपदं भूषवलेली. रिकामी खुर्ची त्यांना बघवत नाही. ते सरळ वर जाऊन बसतात आणि बोलायला लागतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणं, प्रास्ताविक, आभार ही भानगड केव्हाच बंद केलेली असते, त्यामुळे श्रोते टोमॅटो आणि अंडी फेकायला सुरुवात करतात. मराठे पानिपत जिंकतात हे मी पचवलं. अध्यक्षीय भाषणाशिवाय कार्यक्रम होतो हे पचवायला पुण्यात राहून जरा वेळ लागला.

पुढे त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान निघतं, आणि घडलेल्या प्रकाराचा उलगडा करताना कथा पुंजभौतिकीपर्यंत, म्हणजे क्वांटम फिजिक्सपर्यंत जाते. एक गोळी तसूभर इकडे की तिकडे, यावर अख्खा देश कसा उलटतो आणि त्यात भौतिकशास्त्राचा संबंध काय, हे इतक्या कमी पानांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल'मध्ये धडा म्हणून आहे. धडा म्हणून वाचली असेल तर विसरा आणि मराठीतून वाचा.

नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह कुठेही मिळेल. 'कृष्णविवर' ही त्यांची सुरुवातीची कथा त्यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. पुढे १९८८मध्ये ते पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक संचालक झाले आणि २० मे २०२५ला इथेच गेले. 'वामन परत न आला' ही त्यांची कादंबरी आज एआयच्या बातम्या वाचता वाचता घ्या. माणसापेक्षा हुशार यंत्र बनवायचं आणि मग ते आपलं ऐकेल अशी आशा धरायची, हा सगळा घोळ तिच्यात १९८०च्या दशकात येऊन गेलाय.

उणं सांगायचं तर नारळीकरांची पात्रं पातळ असतात. कथेच्या उत्तरार्धात कुणीतरी शास्त्रज्ञ खुर्ची ओढून बसतो आणि समजावून सांगायला लागतो. मला ते चालतं, कारण समजावून सांगण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. पण तुम्हाला माणसं जास्त हवी असतील तर सुबोध जावडेकरांकडे वळा. ते केमिकल इंजिनिअर. त्यांची 'आकांत' भोपाळच्या डिसेंबर १९८४च्या वायुकांडावरची कादंबरी आहे, म्हणजे विज्ञानकथेच्या कप्प्यात धड बसतही नाही, तरी मी तिचं नाव घेणारच. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा आणि बाळ फोंडक्यांचे संग्रह त्यानंतर.

फॅन्टसीचं काय? इथे लोक नाक मुरडतील, पण माझं उत्तर नारायण धारप. १९२५चा जन्म, पुण्यातलं वास्तव्य, आणि शेकड्यानं मोजावं इतकं लेखन. वाचनालयातून त्यांची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणायचे लोक. तीच माणसं आज अभिमानानं सांगतात की 'तुंबाड' सिनेमाचं बीज धारपांच्या गोष्टीत आहे. धारपांना भीती कशी रचायची ते नेमकं ठाऊक होतं. आधी घर दाखवतील: किती खोल्या, जिना कुठे, मागच्या दाराची कडी कशी लागते. मग घरातली माणसं, त्यांचे पगार, आजारपणं. तुम्ही त्या घरात पुरते रुळलात की एक दार, जे काल तिथे नव्हतं. 'समर्थ' हा वाईट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक. त्या कथांपासून सुरुवात करा, मग 'ग्रहण', मग 'लुचाई'. 'लुचाई'चा सांगाडा स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चा आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर मध्यात ओळखाल आणि चिडाल. मला स्वतःला त्याचा त्रास होत नाही. रक्तपिपासूला मराठी गावात आणून बसवणं आणि त्याला हसू न येऊ देणं हे सोपं काम नाही.

जी. ए. कुलकर्ण्यांचं 'रमलखुणा' (१९७५) दुकानात फॅन्टसीच्या फळीवर कधीच सापडणार नाही. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांना ना आपला काळ आहे ना आपला नकाशा. 'एकच थाप' हा माझा नियम इथे साफ मोडतो, आणि तरी मी ते पुस्तक कुणाला उसनं देत नाही. मात्र थकून ऑफिसातून आल्यावर वाचायचं ते पुस्तक नाही.

इंग्रजीत तुम्ही बरंच वाचलं असणार, म्हणून तिघांवरच थांबतो. अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८): बारीकसं पुस्तक, तांबूस-सावळ्या रंगाचा नायक, आणि जादूचा एकच कायदा, की वस्तूचं खरं नाव कळलं की ती ताब्यात येते. रात्री सापाला साप न म्हणता 'लांबडं' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा कायदा वेगळा शिकवावा लागत नाही. दुसरं, अमिताव घोष यांचं 'द कलकत्ता क्रोमोझोम'. रोनाल्ड रॉसनं १८९७मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला, हा इतिहास. प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्यांना ते आधीच माहीत असेल तर, ही थाप. या पुस्तकाला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला होता. तिसरं, लिऊ त्सिशिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. पात्रं पुठ्ठ्याची आहेत, पण चीनच्या सांस्कृतिक क्रांतीतली ती सुरुवात विसरता येत नाही. मूळ चिनी पुस्तकात तो भाग मध्ये लपवलेला होता. इंग्रजी अनुवादात तो पहिल्या पानावर आला.

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या कादंबरीची शिफारस मी करत नाही. ज्याला ते आवडायचं त्याला आवडतंच, माझ्या सांगण्याची गरज नाही.

ही सगळी पुस्तकं विकत घेऊ नका. नारळीकर आणि जी. ए. अप्पा बळवंत चौकात किंवा बाजीराव रस्त्यावर अक्षरधारात सहज मिळतील. धारपांसाठी मात्र आधी पेठेतल्या एखाद्या जुन्या वाचनालयाची वर्गणी भरा. काउंटरवर 'धारपांचं काय आहे' एवढंच विचारा. पलीकडचे काका विशिष्ट वयाचे असतील तर तीन पुस्तकं काढून देतील आणि त्यातलं आधी कुठलं वाचायचं तेही सांगतील. आणि निरंजन घाट्यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' दिसलं तर सोडू नका. त्यांनी स्वतः विज्ञानकथा लिहिल्यात, पण या पुस्तकात ते वाचक म्हणून बोलतात, आणि तुमच्या पुढच्या यादीची सोय त्यात होईल.