'ट्रान्सलेशन'ला भाषांतरच म्हणा. आणि 'उतारा' विसरू नका

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे : पेशीत प्रथिन तयार होताना जे 'ट्रान्सलेशन' होतं, त्याला रूपांतर म्हणावं, अनुवाद की भाषांतर?

बाई, रूपांतर मुळीच नको. 'आरएनएचं प्रथिनात रूपांतर होतं' हे वाक्य शिकवणीत आणि उत्तरपत्रिकांत इतक्यांदा भेटतं की आता संताप येतो. रूपांतर झालं की मूळ वस्तू उरत नाही. इथं संदेशवाहक आरएनए, म्हणजे डीएनएतला संदेश घेऊन येणारा धागा, शाबूत राहतो. एकाच धाग्यावरून एका वेळी अनेक रायबोसोम, म्हणजे प्रथिनं जोडणारी पेशीतली यंत्रं, सरकतात आणि प्रत्येक जण आपली वेगळी साखळी जोडत जातो. अमिनो आम्लं, म्हणजे त्या साखळीचे मणी, बाहेरून येतात. आरएनएकडून मिळतो तो फक्त त्यांचा क्रम.

भाषांतर बरोबर. त्यातलं 'अंतर' म्हणजे दुसरा, देशांतरातलं. आरएनएची चार अक्षरांची लिपी संपून वीस अमिनो आम्लांची सुरू होते, म्हणजे भाषा खरोखर बदलते. तीन अक्षरांचा एक संकेत, असे 64. त्यांतले 61 संकेत कोणतं आम्ल जोडायचं ते सांगतात, 3 थांबायला सांगतात.

'भाषांतर शब्दाला शब्द, अनुवाद आशयाचा' असं सांगून अनुवादाला वरच्या पाटावर बसवणारी साहित्यिक मंडळी मला पटत नाहीत. अनु + वद्, मागून बोलणं. पाणिनीचं 'अनुवादे चरणानाम्' (2.4.3) काढून बघा : तिथं अनुवाद म्हणजे आधीच ठाऊक असलेलं पुन्हा सांगणं. भाषा बदलण्याचा संबंधच नाही. तेव्हा अनुवाद शोभेल तो आधीच्या पायरीला, डीएनएवरून आरएनए होतो तिथं, म्हणजे इंग्रजीतल्या 'ट्रान्सक्रिप्शन'ला. लिपी तीच, फक्त थायमिन या अक्षराच्या जागी युरॅसिल.

पण त्या पायरीसाठी आपल्या घरात याहून नेमका शब्द आहे : उतारा. विषावरचा उतारा, परीक्षेतला उतारा सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडते. बेळगावात शेतजमिनीचा उतारा मराठी माणूस मागतो आणि कानडी माणूसही 'उतार'च मागतो. मूळ दप्तर कचेरीतच राहतं, हवा तेवढ्याच सर्व्हे नंबरचा कागद बाहेर पडतो. आपल्या पेशीतही डीएनए केंद्रकातच राहतो आणि लागेल त्या जनुकाचाच आरएनए केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर येतो. म्हणून 'नक्कल' इथं चालणार नाही. ती पेशी दुभंगण्याआधी अख्ख्या डीएनएची होते.

आणि शब्दाची कुळी तर बघा! मूळ धातू तॄ, पार होणं. तीर्थ त्यातलंच. उद् + तॄ म्हणजे पाण्यातून वर, काठावर येणं; नावेतून उतरणं त्यातूनच आलं. त्याच धातूला 'अव' लागला की अवतार, आणि अवतरणही. अवतरण म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरातून घेतलेला तुकडा, म्हणजे पुन्हा उताराच! दोन वेगळे उपसर्ग, आणि दोघंही मजकूर एका काठावरून दुसऱ्या काठावर आणतात. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या आरएनएला याहून चांगलं नाव मला सुचत नाही. पुस्तकातलं 'प्रतिलेखन' चूक नाही, पण त्यात हा प्रवास कुठंच नाही. परिभाषा करणाऱ्यांनी कचेरीतले शब्द गावठी म्हणून का टाळले, हे मला आजही कळत नाही.

हो, पुस्तकात 'भाषांतरण' दिसलं तरी फळ्यावर 'भाषांतर' लिहा. तो 'ण' कशाला हवा?