परदेशात राहतो, सायनसचं ऑपरेशन तिकडेच करू की नागपूरला येऊन?

आधी ऑपरेशन लागतंच का ते बघा. 12 आठवड्यांहून जास्त नाक चोंदलेलं, वास येत नाही, मिठाच्या पाण्याने (उकळून गार केलेल्या) नाक धुऊन आणि स्टिरॉइड स्प्रे नेमाने मारूनही फरक नाही, तर सीटी स्कॅन. तो पाहून ईएनटीवाले ठरवतील.

माझं नागपूरलाच, धंतोलीत झालं. दुर्बिणीचं ऑपरेशन सोपं गेलं, खरी कटकट नंतरची. आठवड्याने डॉक्टरांनी नाकातून शेंगदाण्याएवढी खपली ओढून काढली, डोळ्यांतून पाणीच! अशा तीन चकरा झाल्या. शिवाय साधारण दोन आठवडे विमानप्रवास नको म्हणतात. त्यामुळे दहा दिवसांच्या सुट्टीत उरकायचं असेल, तर तिकडेच करा. महिनाभर मोकळे असाल तर खुशाल या, फक्त मे महिन्यात नको बाप्पा.