अमेरिकी शाळेचे गुण आणि ब्रिटनमधील प्रवेश

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीची अकरावी नुकतीच संपली असून तिला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे अभियांत्रिकीसाठी अर्ज करायचा आहे. तिला एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या अमेरिकी परीक्षेत १६००पैकी १५२० गुण आहेत. एपी (शाळेत असतानाच देता येणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयवार परीक्षा; सर्वाधिक गुण ५) परीक्षांपैकी अमेरिकेचा इतिहास आणि कॅल्क्युलस एबी यांत ५, तर इंग्रजीत ४ मिळाले आहेत. बारावीत ती कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सीचे यांत्रिकी आणि विद्युत-चुंबकत्व हे दोन्ही पेपर देईल. म्हणजे एकूण सहा एपी होतील. एवढे पुरेल का? — एक पालक

उत्तर : प्रथम एक दुरुस्ती. एकाच वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी पदवीसाठी अर्ज करता येत नाही. यूकॅसच्या, म्हणजे ब्रिटनमधील विद्यापीठांसाठीच्या सामाईक प्रवेशसंस्थेच्या अर्जात पाच पर्याय देता येतात, पण त्यांत या दोहोंपैकी एकच असू शकते. अर्जाची मुदतही या दोन विद्यापीठांसाठी लवकर, म्हणजे १५ ऑक्टोबरला संपते.

आपण एसएटीचे गुण सर्वांत आधी लिहिले आहेत आणि अमेरिकेत ते स्वाभाविकच आहे. इंग्लंडमधील विद्यार्थी मात्र सोळाव्या वर्षी बाकीचे विषय सोडून तीन-चारच विषय दोन वर्षे शिकतो, आणि पदवीचा अभ्यासक्रम बहुधा तीन वर्षांचा असल्याने पहिल्या दिवसापासून मूळ विषयालाच हात घातला जातो. त्यामुळे त्या विषयाची पक्की तयारी झाल्याचा पुरावा त्यांना हवा असतो, आणि वाचन व सामान्य गणित तपासणारी एसएटी तो देऊ शकत नाही. एसएटीच्या विषयवार परीक्षा २०२१मध्ये बंद झाल्यानंतर हा भार जवळजवळ पूर्णपणे एपीवर आला आहे.

आता आपल्या सहा एपींकडे वळू. कॅल्क्युलस बीसीत एबीचा सगळा भाग येतोच. बीसीच्या निकालावर एबीचे गुण वेगळे छापलेले असतात आणि पुष्कळ पालक तेथेच फसतात. एबी आणि बीसी मिळून एकच एपी धरावी. इंग्रजीतील ४ गुण या दोन विद्यापीठांच्या हिशेबात उपयोगी पडत नाहीत. म्हणजे सर्व काही मनासारखे झाले तरी ५ गुणांच्या चार एपी उरतात, आणि त्यांतही फिजिक्स सीचे दोन पेपर स्वतंत्र धरले जातील का, हे संबंधित विभागाला लेखी विचारून घ्यावे. ऑक्सफर्ड चार एपींमध्ये ५, किंवा तीन एपींमध्ये ५ आणि एसएटीत किमान १४८० गुण मागते. तेथे आपले गणित जमते. केंब्रिजची अपेक्षा पाच एपींमध्ये ५ गुणांची असून शिवाय एसएटीचे उत्तम गुणही लागतात. तेथे एक एपी कमी पडते, आणि ती केमिस्ट्रीची असावी असे मला वाटते. मात्र केंब्रिजच्या अभियांत्रिकीसाठी ईसॅट ही वेगळी परीक्षा द्यावी लागते व तिची ऑक्टोबरमधील फेरीची नोंदणी सप्टेंबरमध्येच बंद होते, हे ध्यानात ठेवावे.

खरी अडचण मला शाळेच्या बाजूने दिसते. बारावीच्या एपी परीक्षा मे महिन्यात होतात आणि निकाल जुलैत लागतो. प्रवेशाचा निर्णय मात्र त्याआधी, अपेक्षित गुणांवर होतो आणि मिळतो तो सशर्त प्रवेश. हे अपेक्षित गुण शिफारसपत्रासोबत शाळेने विषयवार कळवायचे असतात. अमेरिकी शाळेतील काउन्सेलरला (मार्गदर्शकाला) जीपीए, म्हणजे सर्व विषयांची सरासरी श्रेणी, कळवण्याची सवय असते, ‘फिजिक्स सीमध्ये तिला किती मिळतील?’ या प्रश्नाची नसते. म्हणून शाळा उघडताच त्यांना भेटावे, आणि एकेका शिक्षकाकडून आकडा मागवून घेण्याची विनंती करावी. निकाल लागल्यावर तो कॉलेज बोर्ड या एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत विद्यापीठाला पाठवण्याची जबाबदारीही मुलीचीच आहे.

अमेरिकी अर्जासाठी लिहिलेला आत्मकथनपर निबंध येथे चालत नाही. यूकॅसच्या अर्जात २०२६च्या प्रवेशापासून तीन ठरावीक प्रश्न आले असून तिन्ही उत्तरे मिळून मोकळ्या जागांसह ४००० अक्षरचिन्हांत बसवावी लागतात. पहिला प्रश्न हाच विषय का, दुसरा शालेय अभ्यासाने त्यासाठी काय तयारी झाली, आणि शाळेबाहेरच्या उद्योगांची पाळी तिसऱ्या प्रश्नात येते. जलतरण संघाचे कर्णधारपद तेथे दोन ओळींत उरकावे; एखादा पूल का डोलतो याविषयी तिने काय वाचले, ते विस्ताराने यावे.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेत एपीचे वर्गच नाहीत. ब्रिटनचा विचार सोडून द्यावा का? — ओहायोमधील एक वाचक

उत्तर : सोडू नये. वर्गात न बसताही एपी परीक्षा देता येते. त्यासाठी परीक्षा घेणाऱ्या जवळच्या शाळेच्या एपी समन्वयकाला सप्टेंबरमध्येच भेटावे, कारण नोंदणी शरद ऋतूतच होते आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला जागा देणे शाळेच्या मर्जीवर असते. तेही न जमल्यास अमेरिकी महाविद्यालयाचे पहिले वर्ष उत्तम गुणांनी पूर्ण करून अर्ज करावा, किंवा ब्रिटनमधील एक वर्षाचा फाउंडेशन (पदवीच्या तयारीचा) अभ्यासक्रम घ्यावा. मात्र ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बहुतेक शाखांना फाउंडेशनचा मार्ग उपयोगी नाही. केवळ शाळा पूर्ण केल्याचा हायस्कूल डिप्लोमा आणि एसएटी यांवर विसंबून अर्ज भरायचाच असेल, तर आधी प्रत्येक विद्यापीठाची अट त्याच्या संकेतस्थळावर वाचून मगच शुल्क भरावे.