ॲस्कीचे मेंबर नाही, मग त्यांचा मेल डिलीट मारायचा का?

सर, तुमचं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. लातूरला तुमचा नीटचा क्लास आहे, रिझल्ट लागल्यावर चौकात फ्लेक्स लावले, फेसबुकवर ॲड टाकली, लोकल केबलवर पट्टी फिरवली, 'मराठवाड्यात नंबर १, सिलेक्शनची १००% गॅरंटी' आणि खाली लेकरांचे फोटो. कुणीतरी जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईच्या ॲस्कीकडं तक्रार केली आणि त्यांचा मेल आला की दाव्याचे पुरावे पाठवा. तुमच्या ओळखीचे एक वकील म्हणाले आपण त्यांचे मेंबरच नाही, ते कोण लागून गेले, डिलीट मारा.

वकीलसाहेबांचं अर्धं बरोबर आहे. ॲस्की म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, ही १९८५ साली जाहिरातवाल्यांनीच काढलेली संस्था, कंपनी कायद्याखाली नोंदलेली, ना कोर्ट ना सरकारी खातं. मेंबर लोकांनी त्यांचा कोड, म्हणजे जाहिरातींची नियमावली, आपणहून मान्य केलेला असतो म्हणून त्यांच्यावर तो चालतो, तुम्ही कुठं सही केली नाही तर करारानं तुम्ही बांधलेले नाहीत. १९९९ मधे सेंच्युरी प्लायबोर्ड्सच्या केसमधे मुंबई हायकोर्टानंही हेच धरलं की मेंबर नसलेल्याला ॲस्की हुकूम देऊ शकत नाही. म्हणजे ते तुम्हाला दंड लावू शकत नाहीत, फ्लेक्स उतरवायला माणसं पाठवू शकत नाहीत, इथपर्यंत निवांत रहा.

पण केबलचा विषय वेगळा आहे. केबल टीव्ही नियमांच्या नियम ७ मधे २००६ साली एक पोटनियम घातला, ॲस्कीचा कोड मोडणारी जाहिरात केबलवर दाखवायचीच नाही. हे बंधन ऑपरेटरवर आहे आणि तिथं तुमची मेंबरशिप कुणी विचारत नाही. तेव्हा त्यानं तुमची पट्टी काढली म्हणून त्याच्याशी भांडू नका, तो बिचारा स्वतःची कातडी वाचवतोय.

आणि खरी अडचण ॲस्की नाहीच. मेलला उत्तर दिलं नाही तर त्यांची तक्रार समिती तुमच्या माघारी निर्णय करते, नावासकट जाहीर करते आणि प्रकरण पुढं सरकारकडं पाठवू शकते. तिथं बसलीय सीसीपीए, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आलेलं, जुलै २०२० पासून चालू. त्यांना मेंबर-बिंबर काही लागत नाही. फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखापर्यंत दंड, परत केली तर ५० लाखापर्यंत. दिल्लीच्या कितीतरी यूपीएससी क्लासवाल्यांना असे दंड झालेत. शिवाय कलम १७ खाली एखादा पालक थेट तुमच्या कलेक्टरकडं अर्ज देऊ शकतो, त्याला मुंबई-दिल्ली बघायचीही गरज नाही.

आता तुम्ही पाठवलेला फ्लेक्सचा फोटो मी मोठा करून बघितला. पोरांच्या फोटोखाली नाव आहे, मार्क आहेत, आणि पार कडेला मुंगीएवढ्या अक्षरात 'टेस्ट सिरीज'. म्हणजे वर्षभर दुसऱ्याकडं शिकलेली लेकरं शेवटी तुमच्याकडं पेपर सोडवायला आली आणि एमबीबीएसला नंबर लागल्यावर तुमच्या बोर्डावर चढली. सर, नेमकं ह्यालाच सीसीपीएच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या कोचिंग गाईडलाईन्स बंदी घालतात. फोटोसोबत त्या पोरानं कोणता कोर्स केला, किती दिवसाचा, फी भरून की फुकट, हे लिहावं लागतं आणि डिस्क्लेमर दाव्याच्याच आकारात. फोटो वापरायची त्याची लेखी संमती पण सिलेक्शन झाल्यावर घ्यायची, ॲडमिशन फॉर्मवर आधीच घेतलेली सही चालत नाही (बहुतेक क्लासवाले तिथंच अडकतात, तुमचा फॉर्म काढून बघा). सिलेक्शनची गॅरंटी तर द्यायचीच नाही. नीटची गॅरंटी मी वकील असून केस जिंकायची देत नाही तशीच समजा.

म्हणून माझं म्हणणं, डिलीट मारू नका आणि घाबरून माफीनामाही देऊ नका. मुदतीच्या आत अर्ध्या पानाचं उत्तर द्या, पहिलंच वाक्य असं टाका: 'आम्ही आपल्या संस्थेचे सभासद नाही, आपला अधिकार मान्य न करता व आमचे सर्व कायदेशीर हक्क राखून हे उत्तर देत आहोत.' त्याखाली एवढंच की गॅरंटीचा मजकूर आणि ते फोटो अमुक तारखेला काढून टाकले. पण लिहायच्या आधी खरंच काढून टाका, फ्लेक्स उतरवतानाचा फोटो, ॲड बंद केल्याचा स्क्रीनशॉट, प्रिंटिंगवाल्याचं बिल, सगळं एका फायलीत लावून ठेवा, उद्या कलेक्टर ऑफिसातून बोलावणं आलं तर तीच फाईल कामाला येईल. ॲस्कीवर केस टाकायची तुमची खुमखुमी कळते मला, अधिकाराच्या मुद्द्यावर तुम्ही कदाचित जिंकालही, पण त्या केसमधे समोरचा वकील तुमचा फ्लेक्स एक्झिबिट म्हणून लावणार आणि मग 'टेस्ट सिरीज' एवढं बारीक का, ह्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार.

'नंबर १' बद्दल विचारलंय तर कशात नंबर १, कोणत्या वर्षी, कुणी मोजलं ह्याचा कागद असेल तर ठेवा, नसेल तर काढा. आणि गॅरंटी वाचून ज्यांनी फी भरली त्यातले कुणी परत मागत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात जायच्या आधीच त्यांना बोलवून मिटवा, त्यांच्यापुढं 'मी ॲस्कीचा मेंबर नाही' हे काडीचंही उपयोगी पडणार नाही.