समाज मागे राहतो तो भेदभावामुळे, की स्वतःच्या संस्कृती-धर्मामुळे?

तुमचा प्रश्न असा, की भेदभावाचं रडगाणं पुरे, काही समाजांच्या धर्मातच शिक्षणाची ओढ नसते, हे मान्य का करू नये?

धर्मच कारण असेल तर तो सगळीकडे सारखाच लागू पडायला हवा. २००१ च्या जनगणनेत मुसलमानांची साक्षरता बिहारमध्ये ४२ टक्के होती आणि महाराष्ट्रात ७८.१, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षाही थोडी जास्त. कुराण दोन्हीकडे एकच. फरक शाळा, शहर आणि रोजगाराचा.

आता मुंबईच्या गिरण्या घ्या. साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या विभागात, पगार बरा मिळायचा. आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणजे धोटा उष्टा होणार. तेवढ्यावरून अस्पृश्यांना साच्यावर येऊ देत नसत. त्यांनी कमी पगाराच्या रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत, राबायचं. हा विटाळ मालकापेक्षा शेजारच्या कामगारालाच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. त्या काळी कुणी नुसतं पगारपत्रक पाहिलं असतं तर बिनदिक्कत म्हणाला असता, ‘या लोकांच्या हातात विणकामच नाही!’ संस्कृती इथेही होतीच की, पण ती कुणाची?

बरं, धर्म बदलून तरी सुटका? १९५६ ला बौद्ध झालेल्यांना केंद्राने अनुसूचित जातीत धरलं ते थेट १९९० मध्ये. दलित ख्रिश्चन आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत.

म्हणून संस्कृतीचं काहीच चालत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात एकदा जाऊन या. गावाकडून आलेली, अंगावर साधीच साडी असलेली बाई घासाघीस करून पोरासाठी पुस्तकं घेताना दिसेल. ही ओढ धर्मांतराने आणि आंबेडकरी चळवळीने वाढवली, यात मला शंका नाही.

फक्त त्याच बाईचा पोरगा शिकून, नोकरीला लागून उपनगरात भाड्याने घर बघायला जातो, तेव्हा एजंट पगाराच्या आधी आडनाव विचारतो. मुसलमान मित्राबरोबर घरं बघत फिरलोय, त्याला तर नाव सांगितल्यावर पुढचा फोनच येत नसे. शेवटी त्याने ऑफिसपासून दीड तास लांब घर घेतलं. त्याच्या संस्कृतीत काय कमी होतं, तुम्हीच सांगा.